दौंड, आर्वी, खोडद : मधल्या वारंवारतेचा प्रवास

१९२७ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याला विलायतेशी बोलायला एक जागा आणि तिकडचं ऐकायला दुसरी, अशा दोन जागा मिळाल्या. बोलायची जागा कागदोपत्री खडकीची, पण प्रत्यक्षात दिघीच्या माळावरची. ऐकायची जागा दौंडला. दोन्हींमध्ये रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या ‘बीम’ बिनतारी सेवेची ही भारताकडची टोकं. तिचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. त्याच वर्षी २३ जुलैला त्यांच्याच हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं. मुंबईचा तो समारंभ नभोवाणीच्या प्रत्येक इतिहासात सापडतो. दौंडच्या वाट्याला फार तर अर्धं वाक्य येतं.

ते तसं का होतं हे उघड आहे. प्रक्षेपण दिसतं. उंच मनोरे, मोठे व्हाल्व, किलोवॅटचे आकडे, हार घातलेले पाहुणे. ऐकणारं केंद्र म्हणजे तारांचं जाळं, एक खोली आणि पेट्या. पण बिनतारी संदेशवहनात खरी कसोटी नेहमी ऐकणाऱ्याची असते. बोलणाऱ्याला ताकद वाढवता येते. ऐकणाऱ्याच्या हाती पडतं ते व्होल्टचे काही दशलक्षांश भाग, आणि त्यात विजांचा कडकडाट मिसळलेला. म्हणून तर दोन्ही केंद्रं इतकी लांब ठेवावी लागली. दिघीचा प्रक्षेपक शेजारी गर्जत असता, तर इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीहून आलेला क्षीण ठोका दौंडच्या पेटीला कधीच कळला नसता.

या सगळ्याची सुरुवात एका उशिरा उमगलेल्या गोष्टीने झाली. साम्राज्याच्या वसाहती बिनतारी साखळीने जोडायचा बेत १९११ पासून शिजत होता. त्यात मार्कोनी कंपनीच्या समभागांचं प्रकरण गाजलं, मग महायुद्ध आलं. लांबच्या पल्ल्याला लांबच लहर हवी, किलोमीटर-किलोमीटर लांबीची, असं तोवर सगळेच धरून चालले होते. त्यासाठी अवाढव्य केंद्रं आणि अवाढव्य खर्च. १९२३-२४ मध्ये मार्कोनीने ‘इलेट्रा’ या आपल्या बोटीवरून पोल्ढूच्या केंद्राचे संकेत ऐकत आखूड लहरींची परीक्षा घेतली, आणि थोड्या शक्तीत, दिवसाउजेडी, हजारो किलोमीटर जाता येतं हे दिसलं. त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याने अशा लहरी एका दिशेने झोतासारख्या सोडणाऱ्या अँटेना बांधल्या. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्याशी करार झाला. कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार मार्गांवर अशी सेवा उभारायची ठरली. भारतासाठी इंग्लंडकडून प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळून आणि ग्रहण स्केग्नेसजवळ. मिनिटाला १०० शब्द, दिवसाचे १२ तास, हे करारातलं कलम भारताच्या मार्गासाठी होतं. हाताने कळ दाबून हे होणारं नव्हतं. मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून घ्यायचा आणि यंत्राने पाठवायचा.

दिवसा १६ मीटरच्या आसपासची लहर, रात्री ३४ च्या आसपासची. १६ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ८५ लाख आंदोलनं. इथे दौंडची अडचण सुरू होत होती. त्या काळचा ट्रायोड व्हाल्व इतक्या जलद आंदोलनांपुढे हतबल व्हायचा. आत जाणारा आणि बाहेर येणारा संकेत त्याच्या पोटातच एकमेकांत झिरपायचे आणि विवर्धक शिट्टी मारू लागायचा. एकामागे एक पाच-सहा विवर्धक लावावेत तर प्रत्येकाचं सुराला लावणं वेगळं, आणि लहर बदलली की सगळं पहिल्यापासून.

यावरची तोड युद्धकाळात, जवळजवळ एकाच वेळी, तिघांना सुचली होती. फ्रान्सच्या सैन्यातला ल्युसियाँ लेव्ही (१९१७), जर्मनीत सीमेन्सकडे काम करणारा वॉल्टर शॉटकी (१९१८) आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये असलेला एडविन आर्मस्ट्राँग. शत्रूच्या विमानांच्या इंजिनात उडणाऱ्या ठिणग्यांच्या अतिआखूड लहरी पकडता आल्या तर तोफा नेमक्या रोखता येतील, या विचारातून कल्पना सुचल्याचं आर्मस्ट्राँग सांगत असे. तिची मूळ युक्ती गवयांच्या घरात रोज घडते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की एक संथ लाट ऐकू येते. सेकंदाला तिचे ठोके किती, तर दोन तारांच्या आंदोलनांतला फरक जितका तितके. तार जलद, लाट मात्र संथ. रेडिओत हेच मुद्दाम घडवायचं. बाहेरून आलेल्या जलद लहरीत पेटीतच तयार केलेली दुसरी लहर मिसळायची आणि दोहोंच्या फरकाची लहर उचलून घ्यायची. (तंबोऱ्याचे ठोके म्हणजे दोन लहरींच्या बेरजेतली चढउतार, तिथे वेगळी तिसरी लहर नसते. व्हाल्वच्या वाकड्या वागण्यामुळे रेडिओत ती खरोखर जन्माला येते. तज्ज्ञांनी एवढा फरक पोटात घालावा.)

खरी हुशारी पुढची आहे. पेटीतली लहर बाहेरच्या लहरीबरोबर सरकवत ठेवली, तर फरक कायम एकच राहतो. स्टेशन कुठलंही लावा, आतल्या यंत्रणेपुढे येणारी वारंवारता तीच. मग सगळे विवर्धक, सगळ्या चाळण्या त्या एका वारंवारतेसाठी एकदाच नीट बांधायच्या आणि पुन्हा हात लावायचा नाही. बाहेरच्या आकाशातल्या लहरीपेक्षा खालची आणि कानाला ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा वरची, म्हणून ही मधली वारंवारता. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला सगळे ‘आयएफ’ म्हणतात. या पद्धतीचं नाव सुपरहेटेरोडाइन, दुकानदारांच्या तोंडी ‘सुपरहेट’. अमेरिकेत पेटंटचा वाद बरीच वर्षं चालला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक हक्क लेव्हीच्या बाजूने गेले. नाव मात्र आर्मस्ट्राँगचं राहिलं. जगाचा न्याय पेटंट कचेरीपेक्षा निराळा चालतो.

मार्कोनी कंपनीच्या बीम केंद्रांतली ग्रहणयंत्रं याच तत्त्वावर बांधलेली होती. घराघरातल्या रेडिओत ही पद्धत अजून महागडी चैन होती, तेव्हा दौंडच्या माळावर ती रोजच्या भाकरीसाठी राबत होती. लंडनच्या तारघरात पट्टी यंत्रात घातली की ग्रिम्सबीची लहर सुटायची, दौंडला उतरायची, मधल्या वारंवारतेच्या पायऱ्यांवरून खाली यायची आणि तारेने मुंबईच्या कचेरीत पोचायची. मुंबईचं उत्तर तारेने दिघीला आणि तिथून आकाशात. दौंडच्या जंक्शनवर गाडी बदलणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की शेजारच्या माळावर कापसाचे भाव, बँकांच्या हुंड्या आणि वर्तमानपत्रांच्या तारा क्षणोक्षणी उतरत आहेत?

त्याचे परिणाम मात्र जगाला लगेच दिसले. बीमचा दर समुद्राखालच्या केबलपेक्षा स्वस्त आणि वेगही कमी नाही. केबल कंपन्यांचं गिऱ्हाईक इतकं घटलं की १९२८ मध्ये लंडनला खास परिषद भरवून तारवाले आणि बिनतारीवाले यांना एका छत्राखाली आणावं लागलं. त्यातून निघालेली कंपनीच पुढे ‘केबल अँड वायरलेस’ झाली. भारतातही १९३२ मध्ये तेच झालं. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी आणि केबलचा व्यवसाय एकत्र येऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी निघाली. लगोलग १९३३ मध्ये ब्रिटनशी बिनतारी टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ ला, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, सरकारने हा कारभार ताब्यात घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, म्हणजे जुन्या लोकांची ‘ओसीएस’, जन्माला आली. १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम झाली आणि पुढे ती टाटांकडे गेली.

आता घरात येऊ.

२ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. १९५५ च्या १ एप्रिलपासून तिथून ‘गीतरामायण’ येऊ लागलं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याविषयी मराठी वाचकाला नव्याने काही सांगायला नको. सांगायचंय ते त्या लाकडी पेटीविषयी, जिच्यापुढे लोक दर आठवड्याला बसत. तोवर सुपरहेट स्वस्त झाला होता आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक रेडिओ त्याच पद्धतीचा होता. पाच व्हाल्वचा सेट घेतला तर पहिला व्हाल्व लहरी मिसळणारा, दुसरा आयएफचा, तिसरा आवाज वेगळा काढणारा, चौथा स्पीकर हलवणारा आणि पाचवा वीज पुरवणारा. मधली वारंवारता बहुतेक सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झ किंवा तिच्या थोडी आसपासची.

आकड्यांत पाहिलं तर गंमत कळते. पुणे केंद्राची मध्यम लहरीवरची पुढच्या काळातली ओळखीची जागा ७९२ किलोहर्ट्झ. काटा तिथे आणला की पेटीतली लहर १२४७ वर जाते. १२४७ वजा ७९२ म्हणजे ४५५. काटा मुंबईच्या १०४४ वर नेला की पेटीतली लहर १४९९ ला पोचते, फरक पुन्हा ४५५. बटण फिरवताना आत दोन कंडेन्सर एकाच दांड्यावर फिरतात ते एवढ्यासाठी. एक बाहेरची लहर निवडतो, दुसरा आतली सरकवतो. कारागीर त्याला ‘गँग’ म्हणत.

या पद्धतीत एक खोटही आहे. १२४७ मधून ७९२ वजा केले तर ४५५ येतात, तसे १७०२ मधून १२४७ वजा केले तरी ४५५ च येतात. म्हणजे १७०२ वर कोणी बोलत असेल तर तोही पुण्याच्या जागी घुसू शकतो. मध्यम लहरीचा पट्टा १६०० च्या जरा पुढे संपतो, त्यामुळे पुणे केंद्राला हा उपद्रव होत नसे. आखूड लहरींवर मात्र हा भूतसंचार रोजचा. तिथे वारंवारता एक कोटीच्या घरात, आणि ९१० किलोहर्ट्झचा फरक पुढची साधी कॉइल ओळखूच शकत नाही. परिणामी एकच जोरकस स्टेशन दोन ठिकाणी लागायचं. एकदा आपल्या जागी आणि पुन्हा ९१० किलोहर्ट्झ खाली.

त्या भुताला गिऱ्हाईक मिळवून दिलं ते एका मराठी मंत्र्याने. १९५२ मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. शास्त्रीय संगीतावरचं त्यांचं प्रेम खरं होतं, पण त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी निषेधाच्या सभा घेतल्या नाहीत, त्यांनी काटा आखूड लहरीवर नेऊन रेडिओ सिलोन लावलं. पेठांतल्या वाड्यांत सिलोनसाठी गच्चीवर तारा ताणल्या गेल्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. आखूड लहरींच्या सेटची आपल्याकडची मागणी वाढवण्याचं श्रेय कुठल्याही जाहिरातीपेक्षा केसकरांना जास्त द्यावं लागेल, असं माझं मत आहे.

मग आले ट्रान्झिस्टर आणि त्यांच्याबरोबर बुधवार पेठेतली, पासोड्या विठोबाच्या आसपासची सुट्या भागांची दुकानं. तिथे ‘आयएफटी’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द. नखाएवढ्या पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली कॉइल आणि वर फिरवायचा रंगीत स्क्रू. पिवळा पहिल्या आयएफचा, पांढरा दुसऱ्याचा, काळा तिसऱ्याचा. लाल असेल तो आयएफ नव्हे, तो आतली लहर बनवणाऱ्याचा. शिकाऊ पोराला हे रंग आधी पाठ करायला लागत. सेट अलाइनमेंटला आला की कारागीर प्लास्टिकचा पेचकस काढे. लोखंडी पेचकसाने कॉइलची वारंवारताच सरकते, काढून घेतला की पुन्हा दुसरीकडे जाते. सिग्नल जनरेटर ४५५ वर ठेवायचा, काळ्यापासून सुरुवात करत पिवळ्यापर्यंत मागे यायचं, आवाज सगळ्यांत भरेल तिथे थांबायचं, आणि वर मेणाचा थेंब. घरातल्या एखाद्या हौशी माणसाने हे स्क्रू ‘ढिले झालेत’ म्हणून आवळले की सेट मुका होई आणि कारागिराचं पोट चाले. एफएमची आयएफ वेगळी, १०.७ मेगाहर्ट्झ. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर आली तोवर मात्र हे सगळं एकाच चिपमध्ये बसू लागलं होतं, आणि पेचकसाची कला मागे पडत चालली होती.

इकडे परदेशी टेलिफोनचं काम अजून आखूड लहरींवरच अडलेलं होतं. ट्रंक बुक करायचा, तासन्तास थांबायचं, आणि लागला की वातावरणाच्या लहरीप्रमाणे समोरच्याचा आवाज वर-खाली. यातून सुटका झाली ती पुन्हा पुणे जिल्ह्यात. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला, ओसीएसचं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. त्याचं नाव विक्रम. बशी जवळजवळ ३० मीटर व्यासाची. हिंदी महासागरावर, विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असलेल्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून ती उभी राहिली. केंद्राच्या उभारणीत विक्रम साराभाई यांच्या अवकाश कार्यक्रमातले अभियंते होते. परदेशी कंपनीकडून सगळं तयार घेण्यापेक्षा आपल्या माणसांनी बांधावं, हा साराभाईंचा आग्रह. डोंगरांच्या कुशीतली जागा निवडण्याचं कारण दौंडसारखंच होतं. उपग्रहाकडून येणारा संकेत इतका क्षीण, की गावोगावच्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांच्या गलबल्यापासून तो डोंगराआड ठेवावा लागे.

उपग्रहाकडे जाताना ६ गिगाहर्ट्झ आणि येताना ४ गिगाहर्ट्झ. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी आंदोलनं. दौंडच्या १ कोटी ८५ लाखांपुढे हा आकडा अवाढव्य, पण उपाय तोच. संकेत खाली आणायचा मधल्या वारंवारतेवर. ती होती ७० मेगाहर्ट्झ. हा आकडा जगभरच्या भूकेंद्रांनी आणि मायक्रोवेव्ह जाळ्यांनी मान्य केलेला होता. त्यामुळे बाहेरची लहर कुठलीही असो, आतली उपकरणं, चाळण्या, मोजमापाची यंत्रं एकमेकांशी जुळत. शेकडो लोकांचे टेलिफोन एका वाहक लहरीवर रचून ७० मेगाहर्ट्झवर एकत्र उतरत आणि मग एकेक सोडवून मुंबईला धाडले जात. आवाजातला तो चढउतार गेला. आखाती देशांत गेलेल्या माणसांचे फोन पुढे घरी स्वच्छ ऐकू येऊ लागले त्यामागे आर्वीची ही पायरी होती.

याच तालुक्यात खोडद आहे. इथे गोष्ट जराशी मागे न्यावी लागते. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथल्या पॉट्स हिलवरच्या जुन्या लहान बशा भारताला भेट मिळाल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप यांनी त्यांतल्या ३२ बशा मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या या बशांनी १९६५ च्या सुमारास ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. मग १९७० मध्ये उटीची डोंगरउतारावरची ५३० मीटर लांब दुर्बीण, आणि १९८० च्या दशकात खोडदचा बेत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० बशा. त्यांतल्या १४ खोडदच्या जवळजवळ एक चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. एवढी मोठी भरीव बशी परवडणारी नव्हती. स्वरूप यांनी पातळ पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बशी बनवली. वाऱ्याला अडथळा कमी, वजन कमी, खर्च कमी. संस्थेचं मुख्य ठिकाण पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत. दुर्बीण मात्र द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांत, तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावच्या शेजारी. कारण तेच, गलबला कमी आणि भोवती डोंगर.

तीस बशा एकाच दुर्बिणीसारख्या वागायच्या तर प्रत्येकीचा संकेत एका ठिकाणी आणून एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. दूरच्या बशीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत कित्येक किलोमीटर. हे काम तेव्हा नव्या असलेल्या ऑप्टिकल फायबरवर सोपवलं गेलं. आणि इथे आयएफने आपला सगळ्यांत देखणा खेळ केला. बशीत आलेली लहर, मग ती १५३ मेगाहर्ट्झची असो की हायड्रोजनची १४२० ची, आधी ७० मेगाहर्ट्झवर उतरवायची. आर्वीचाच आकडा. प्रत्येक बशी आकाशातल्या लहरीचे दोन घटक वेगवेगळे टिपते, म्हणजे संकेत दोन, दोन्ही ७० वर. एकाच फायबरमधून दोन्ही पाठवले तर मिसळून जातील. म्हणून त्यांना पुन्हा हलवायचं. एकात १०५ ची लहर मिसळून बेरीज घ्यायची, १७५. दुसऱ्याबरोबर २०० ची लहर मिसळून वजाबाकी घ्यायची, १३०. प्रत्येक संकेताची रुंदी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक ११४ ते १४६ आणि दुसरा १५९ ते १९१. मधे १३ मेगाहर्ट्झची मोकळी जागा. दोघेही एकाच काचेच्या तंतूतून, एकमेकांना धक्का न लावता, खोडदच्या इमारतीत पोचतात. तिथे पुन्हा ७० वर आणि मग त्याहून खाली, संगणकाला पचेल अशा वारंवारतेवर.

गुंतागुंत एका बाबतीत दौंडपेक्षा कितीतरी जास्त होती. दौंडला मिसळायची लहर जराशी हलली तरी तारेच्या भाषेतले बिंदू आणि रेषा वाचता येत. खोडदला तीसही बशांतल्या मिसळायच्या लहरी एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालायला हव्यात. नाही तर दूरच्या दीर्घिकेचं चित्र उमटायच्या ऐवजी फासटतं. म्हणून मध्यवर्ती इमारतीतून प्रत्येक बशीकडे फायबरनेच एक संदर्भ लहर जाते आणि तिथली यंत्रणा तिला बांधलेली राहते. ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, तेव्हा तिच्या मीटर लहरींच्या पट्ट्यात तिच्या तोडीचं दुसरं साधन जगात नव्हतं.

पुढे दहाएक वर्षांत काळ फिरला. फायबरवरचे लेझर सुधारले, आकडेमोडीच्या चिप जलद झाल्या. जीएमआरटीच्या नूतनीकरणात अभियंत्यांनी हिशेब मांडला की संकेत बशीतच खाली आणायची गरज उरलेली नाही. आकाशातून आलेली लहर जशीच्या तशी फायबरवर चढवायची आणि सगळी काटछाट मध्यवर्ती इमारतीत करायची. एका वेळी ३२ च्या जागी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता येऊ लागला. बशीच्या पायथ्याशी राबणाऱ्या ७०, १३० आणि १७५ यांची या नव्या मार्गावर गरज राहिली नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा ही पायरी गाळलेली असते, लहर थेट तळाला उतरते. दौंडला १९२७ मध्ये आलेली ही पाहुणी नव्वद वर्षं जिल्ह्यात राबून खोडदहून अशी निवृत्त झाली.

ऐकण्यासाठी शांतता लागते हे मात्र बदललेलं नाही. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी खोडदच्या दुर्बिणीमुळे बदलायची वेळ आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. त्या दुर्बिणीपर्यंत पोचणारी लहर किती क्षीण असते हे एकदा पाहिलेला माणूस ती तक्रार इतक्या सहज करणार नाही. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला सामान्य लोकांना आत सोडतात. मुलांना घेऊन जावं. बशांचे फोटो सगळेच काढतात; फायबर आत येतं त्या खोलीतल्या अभियंत्याला आयएफविषयी विचारावं.

दिघी, दौंड आणि आर्वी इथे ओसीएसच्या काळात नोकरी केलेली पिढी आता ऐंशीच्या आसपास आहे. तुमच्या घरात, शेजारात असं कोणी असेल तर त्यांच्याकडची कामाची वेळापत्रकं, सर्किटचे नकाशे, पाळीच्या नोंदवह्या, केंद्रावरचे फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या आठवणी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून घ्या आणि प्रती जवळच्या ग्रंथालयात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात द्या. पुण्याच्या बोलण्याचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे, ऐकण्याचा अजून लिहायचा आहे.